रेसकोर्सवरच्या बुकमेकरची सिक्युरिटी, बँक हमी आणि जामीनदाराची सही : सोलापूरकरांसाठी धागा

चाटीगल्ली_हिशोब

सोलापुरात रेसकोर्स नाही. महाराष्ट्रात घोड्यांच्या रेसची परवानाधारक मैदाने दोनच, मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे, आणि दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. पण पुण्याच्या हंगामात स्टँड, म्हणजे बुकमेकरची (भाव ठरवून पैजा घेणाऱ्याची) मैदानातली जागा, घेणाऱ्या फर्ममध्ये भागीदार व्हायचे, मार्जिनसाठी ठेव द्यायची किंवा नुसती जामीनदार म्हणून सही करायची, ही कामे सोलापुरात बसूनही होतात. बँक इथली, जमीन इथली, सही इथली. म्हणून हमीबद्दलचे सगळे एका जागी आणू.

आधी कोणाचा परवाना कोणाकडून, ते स्पष्ट करतो. १९१२ च्या रेसकोर्स लायसन्सिंग कायद्याखाली राज्य सरकार परवाना देते तो मैदान चालवणाऱ्याला, म्हणजे क्लबला. बुकमेकरला मैदानात उभे राहण्याची परवानगी क्लब देतो, क्लबच्या नियमांनी. त्यामुळे बुकमेकरकडून सिक्युरिटी मागणारा सहसा क्लबच असतो, आणि रक्कम, मुदत, नमुना त्या हंगामाच्या पत्रात असतो. गेल्या वर्षीचा आकडा धरून बँकेत जाऊ नका, चालू हंगामाचे पत्र हातात घेऊनच जा.

दुसरे म्हणजे तीन शब्दांची गल्लत होते. अनामत म्हणजे तुमचे रोख पैसे त्यांच्याकडे. बँक हमी म्हणजे बँकेने दिलेला शब्द, ज्याच्यामागे तुमची ठेव किंवा तारण असते. जामीन म्हणजे तिसऱ्या माणसाने स्वतःच्या ऐपतीवर घेतलेली जबाबदारी. तिन्हींचा कायदा आणि धोका वेगवेगळा आहे.

जुळेसोलापूर

टोटवर, म्हणजे क्लबच्या पैज-यंत्रणेवर, तर मशीनने तिकीट निघते, पैसे क्लबकडेच असतात. मग सिक्युरिटीची एवढी चर्चा बुकमेकरबाबतच का?

रेसबुक

कारण टोट आणि बुकमेकर यांची जोखीम मुळातच निराळी आहे. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून कर आणि कपात काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. पूलमध्ये आहे त्याहून जास्त द्यायची वेळच येत नाही. तिथे प्रश्न उरतो तो पैसे नीट सांभाळण्याचा, रेस रद्द झाल्यास परताव्याचा आणि न वटवलेल्या तिकिटांचा.

बुकमेकर भाव ठरवून पैज घेतो. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. एका रेसवर त्याच्याकडे एकूण १० लाखांच्या पैजा आल्या. फेव्हरिटवर ५ लाख, भाव रुपयाला ८० पैसे. तो आला तर ४ लाख जिंकलेले आणि ५ लाख मूळ, एकूण ९ लाख द्यायचे, १ लाख उरले. पण दुसऱ्या एका घोड्यावर ४ ला १ भावाने ३ लाख घेतलेत. तो आला तर १२ अधिक ३, म्हणजे १५ लाख द्यायचे. हातात १० आहेत. ५ लाख खिशातून.

म्हणून शहाणा बुकमेकर वेळीच भाव उतरवतो, जास्तीचा भार दुसऱ्या बुकमेकरकडे पैज लावून हलका करतो. पेन्सिलर, म्हणजे पैजा लिहून घेणारा माणूस, प्रत्येक घोड्यापुढची देणी चालू ठेवतो ती यासाठीच. ते एक पान मागे पडले की पुढच्या दोन मिनिटांत काय घेतोय हे स्टँडवर कोणालाच कळत नाही. सिक्युरिटीची रक्कम एकूण उलाढालीवरून मोजू नका. एका रेसमध्ये सगळ्यात वाईट निकाल लागला तर किती कमी पडतील आणि हिशोब मिटायच्या आत असे किती निकाल लागू शकतात, यावरून मोजा.

सातरस्ता_वकील

रेसबुक यांच्या उत्तराला कायद्याची बाजू जोडतो. ती कळल्याशिवाय सिक्युरिटीचे महत्त्व कळत नाही.

भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ३०. पैजेचा करार शून्य आहे, जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा चालत नाही. त्याच कलमात घोड्यांच्या शर्यतीसाठी एक अपवाद आहे, पण तो नीट वाचा : ५०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे बक्षीस विजेत्याला देण्यासाठी केलेली वर्गणी. म्हणजे घोड्याच्या मालकाला मिळणारे बक्षीस. पंटरची, म्हणजे पैज लावणाऱ्याची, पैज त्यात येत नाही.

१८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात परवानाधारक मैदानात, ठरवून दिलेल्या आवारात, टोटवर किंवा परवानाधारक बुकमेकरकडे लावलेली पैज 'गेमिंग'च्या व्याख्येतून वगळली आहे. तिथे पैज लावणे गुन्हा नाही, इतकेच त्यातून निघते. पैसे बुडाले तर कोर्टात वसूल होतील, असे त्यातून निघत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची रेस कौशल्याचा खेळ ठरवली, त्याचाही आधार लोक इथे चुकीच्या जागी घेतात.

आता जुन्या मुंबई इलाख्यापुरती एक खास गोष्ट. १८६५ चा मुंबई अधिनियम ३. उरलेल्या देशात पैजेला पूरक असणारे करार, म्हणजे दलाली, उसनवारी, आपोआप शून्य होत नाहीत. आपल्याकडे होतात. आणि त्या कायद्यात स्पष्ट शब्द आहेत की पैज पुरी करण्यासाठी दिलेले तारण किंवा हमीसुद्धा शून्य. घेरूलाल पारख प्रकरणात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मांडलेला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की 'अमुक बुकमेकर पंटरांचे पैसे देईल, न दिल्यास मी देईन' एवढेच लिहून ५०० च्या स्टॅम्पवर सह्या केल्या, तर तो कागद घेणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही, आणि देणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षे कोर्टकचेरी. म्हणून चांगल्या मसुद्यात हमीचा विषय 'पैज' नसतो. परवान्याच्या अटींचे पालन, क्लबची फी, कर, नियमभंगाची वसुली, असा असतो, आणि हमी खासगी माणसाची न घेता बँकेची, मागणी होताच रक्कम देण्याची घेतली जाते.

जुळेसोलापूर

म्हणजे पंटरच्या दृष्टीने क्लबकडे असलेली सिक्युरिटी हाच खरा भरोसा?

सातरस्ता_वकील

होय. क्लबच्या नियमांखाली तक्रार, स्टुअर्ड्सचा (क्लबच्या रेस-अधिकाऱ्यांचा) निर्णय आणि त्यामागे सिक्युरिटी. बुकमेकरला स्टँड गमावण्याची भीती असते, तो दुसरा भरोसा. त्यामुळे तिकीट फाडून टाकू नका. स्टँडचे नाव, रेस क्रमांक, घोडा, भाव, रक्कम हे सगळे त्या कागदाच्या तुकड्यावर असते आणि तक्रारीत तेवढेच धरले जाते.

हमीखाते

बँकेच्या बाजूने लिहितो. सोलापुरातल्या नागरी सहकारी बँकांत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत क्रम साधारण सारखाच आहे.

सगळ्यात आधी लाभार्थ्याचा, म्हणजे क्लबचा, हमीचा नमुना मिळवा आणि अर्जासोबतच द्या. नमुना नंतर दिला की बँक आपल्या छापील मसुद्यात हमी काढते, क्लब ती परत पाठवतो, मग दुरुस्ती, पुन्हा शुल्क, आणि तोवर हंगामाचा पहिला दिवस उजाडतो. कृपा करून हंगामाआधी पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा.

अर्जासोबत भागीदारी पत्र, सर्व भागीदारांचे केवायसी, फर्मचा पॅन, जीएसटी नोंदणी, क्लबचे पत्र आणि हमी घेण्याचा भागीदारांचा ठराव. मंजुरी झाली की फर्म बँकेला प्रतिहमी लिहून देते : बँकेला द्यावी लागलेली प्रत्येक रक्कम व्याजासह भरू. जामीनदाराची सही याच कागदावर होते. लोक समजतात आपण क्लबला जामीन राहिलो. खरे तर ते बँकेला जामीन राहिलेले असतात, आणि फरक फार मोठा आहे. बँकेचा व्यवहार पैजेचा नाही, दिलेल्या हमीच्या परतफेडीचा आहे.

मार्जिन म्हणजे हमीच्या रकमेपैकी किती टक्के ठेव बँकेकडे लिएनखाली, म्हणजे बँकेचा हक्क नोंदवून, ठेवायची. या धंद्याला बँका बहुतेक वेळा १०० टक्के मागतात आणि माझ्या मते ते बरोबर आहे. १० लाखांच्या हमीला १० लाखांची ठेव. ठेवीवर व्याज चालू राहते. कमिशन समजा वर्षाला दीड टक्का धरले तर १५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,७००, एकूण १७,७००. दर बँकेबँकेचा वेगळा, आणि १०० टक्के ठेव असेल तर कमी करून मागा, मिळतो. दावा मुदतीच्या (हमीची वैधता संपल्यावर मागणी करायला ठेवलेल्या) महिन्यांचेही कमिशन लागते का, हे आधीच विचारून घ्या. इथे अनेकांचा हिशोब चुकतो.

५०,००० आणि त्यावरील हमीवर बँकेच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे. एकच सही असलेला कागद आला तर तिथेच थांबा.

हमी निघाल्यावर कागद पाठवून काम संपत नाही. लाभार्थ्याच्या बँकेला एसएफएमएस प्रणालीतून संदेश जावा लागतो, तो गेल्याशिवाय समोरचा हमी खरी मानत नाही. त्यासाठी क्लबच्या बँकेचा आयएफएससी अर्जातच लिहा. तो एक आकडा चुकला म्हणून हमी पडून राहते, हा नेहमीचा घोटाळा. एनईएसएल या ऑनलाइन पोर्टलवरून निघणारी ई-हमी २०२२ पासून सुरू आहे. तिथे स्टॅम्प आणि पडताळणी दोन्ही ऑनलाइन होते, कागद हाताने न्यावा लागत नाही. आपली बँक त्यात आहे का ते विचारा.

भीमाकाठ

मार्जिनला एफडीऐवजी शेतजमीन चालते का? आणि तहसीलदारांचा ऐपत दाखला जोडला तर?

हमीखाते

ऐपत दाखला म्हणजे या माणसाची एवढी मालमत्ता आहे असा महसूल खात्याचा दाखला. त्याने कुठलाही बोजा चढत नाही. दाखला मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही ती जमीन विकू शकता. त्यामुळे बँक तो जामीनदाराच्या फाईलला लावते, मार्जिनच्या जागी धरत नाही.

शेतजमीन तारण घेऊन हमी देणाऱ्या बँका आहेत, पण या धंद्याला बहुतेक नको म्हणतात. शेतजमिनीवर सरफेसी या बँक-वसुलीच्या कायद्याखाली ताबा घेता येत नाही, कलम ३१ मध्ये तशी सूट आहे. पण म्हणून जामीनदाराने निश्चिंत राहू नये. सहकारी बँक असेल तर सहकार कायद्याचे कलम १०१ आहे. वसुली दाखला निघतो आणि वसुली महसूल थकबाकीसारखी होते. त्या दाखल्यात कर्जदाराच्या खाली जामीनदारांची नावे ओळीने येतात. बहुराज्यीय सहकारी बँकेत लवादाची निराळी वाट आहे, निकाल मात्र जामीनदारावरही तसाच लागतो.

घर किंवा बिगरशेती प्लॉटचे मूळ दस्त ठेवून तारण दिले तर ३० दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते. ती राहिली की पुढे बँक आणि तुम्ही दोघेही अडकता.

सातरस्ता_वकील

जामीनदाराबद्दल विस्ताराने लिहिलेच पाहिजे, कारण आपल्याकडे 'नुसती सही आहे हो, नाव लागतंय फक्त' असे सांगूनच सह्या घेतल्या जातात.

करार अधिनियमाचे कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच. अर्धी नाही, दुसऱ्या नंबरची नाही. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद (१९६९) यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. बँकेला तुमची ठेव सोपी वाटली तर ती आधी तुमच्याकडेच येईल.

कायद्याने जामीनदाराला संरक्षणही दिले आहे. त्याच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल केला तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो (१३३). मूळ देणेकऱ्याला मुदत वाढवून देण्याचा करार केला तर सुटतो (१३५). तारण बँकेच्या हातून गेले तर तेवढ्यापुरता सुटतो (१४१). नुसती बँक शांत बसली, मागायला आली नाही, एवढ्याने मात्र सुटका नाही (१३७). पण तुमच्यापुढे आलेला छापील मसुदा उघडून बघा. मधे कुठेतरी दाट अक्षरांत असेल : जामीनदार कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालील हक्क सोडत आहे. एका ओळीत कायद्याने दिलेले बहुतेक सगळे संरक्षण निघून जाते. ती ओळ पूर्ण काढायला बँक तयार होत नाही, पण 'हमीची रक्कम वाढवायची असल्यास जामीनदाराची लेखी संमती आवश्यक' एवढे जोडून घेता येते. मागा, संकोच करू नका. आणि तुमच्या सहीखाली रकमेची मर्यादा आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या.

दरवर्षी नूतनीकरण होणारी हमी ही चालू हमी असते. कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. हंगाम संपला, भागीदारांत कुरबुर सुरू झाली, की बँकेला स्पीड पोस्टाने पत्र द्या आणि पोच जपून ठेवा. झालेल्या देण्याची जबाबदारी जात नाही, पुढची वाढत नाही.

अजून दोन. दुसरा जामीनदारही सही करणार या अटीवर तुम्ही सही केली आणि तो आलाच नाही, तर कलम १४४ प्रमाणे तुमची हमी लागू होत नाही. पण ती अट कागदावर हवी, तोंडी नको. आणि दोघे जामीनदार असाल, एकानेच सगळे भरले, तर दुसऱ्याकडून निम्मे मागता येते (१४६), शिवाय मूळ देणेकऱ्याकडून सगळे (१४५).

रेसबुक

+१. स्टँडच्या भागीदारीत अजून एक बघा : नफ्यातला वाटा १० टक्के आणि प्रतिहमीवरची सही पूर्ण रकमेची. हे दोन कागद कोणी शेजारी ठेवून वाचत नाही.

चाटीगल्ली_हिशोब

आता कर. सिक्युरिटीवर खरा ताण पंटरच्या देण्यापेक्षा इथून येतो.

२०१७ पर्यंत १९२५ चा बेटिंग टॅक्स होता, तो जीएसटीत विलीन झाला. कर क्लबच्या कमिशनवर की पूर्ण पैजेवर, हा वाद बरीच वर्षे चालला. कर्नाटक उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये टोटवर पूर्ण रकमेवर कर लावणारा नियम रद्द केला होता. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदाच बदलून पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

नुसता दर ऐकून अंदाज येत नाही, म्हणून आकडे मांडतो. महिन्यात रेसचे ८ दिवस, दिवसाला १० लाखांच्या पैजा : महिन्याला ८० लाख. त्यावर ४० टक्के, ३२ लाख, पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत. महिनाअखेर बुकमेकरचा निव्वळ नफा २ लाख असो की तोटा असो, कर ३२ लाखच. पंटरकडून घेतलेला कर स्टँडच्या गल्ल्यात खेळत राहिला, एका वाईट शनिवारी तो पंटरांच्या देण्यात गेला, की २० तारखेला फर्म उघडी पडते. कराचे पैसे रोजच्या रोज वेगळ्या खात्यात काढा. भागीदार सोलापुरात बसत असेल तर त्या खात्याचे दोन सहीचे अधिकार मागून घ्या. जामीनदार असाल तर महिन्याचे जीएसटी चलन पाहण्याचा हक्क लिहून घ्या. माझ्या दृष्टीने रकमेच्या मर्यादेखालोखाल हीच अट महत्त्वाची.

जिंकलेल्या रकमेवर टीडीएस वेगळा. एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकले की ३० टक्के. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९४बीबी होते. कापून भरण्याची जबाबदारी देणाऱ्याची, म्हणजे बुकमेकर किंवा क्लबची.

भीमाकाठ

बँक हमीऐवजी विमा कंपनीचा शुअरटी बाँड चालतो का? ठेव अडकत नाही म्हणतात.

हमीखाते

विमा नियामकाची शुअरटीची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून आली, पहिला बाँड डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आला. पण ते मुख्यतः आखले गेले पायाभूत बांधकामाच्या कंत्राटांसाठी : बोली, कामाची पूर्तता, आगाऊ रक्कम, रिटेन्शन (रोखून धरलेली रक्कम). पैजेच्या परवान्यासाठी ते वापरता येईल असे गृहीत धरून बेत आखू नका. शिवाय लाभार्थ्याच्या पत्रात 'बँक हमी' लिहिले असेल तर बाँड देऊन चालत नाही. अमेरिकेत असे बाँड अनेक धंद्यांच्या परवान्याला लागतात, तिथले वाचून लोक इथे विचारतात. आणि ठेव नाही म्हणजे देणे नाही, असेही नाही. विमा कंपनी पैसे भरते आणि मग प्रतिपूर्ती करारावर तुमच्याकडून वसूल करते. नेहमीच्या विम्यासारखा तोटा ती सोसत नाही.

सातरस्ता_वकील

हमीचा कागद हातात आला की शेवटून वाचा. शेवटी एक परिच्छेद असतो, बँकवाले त्याला नॉटविथस्टँडिंग क्लॉज म्हणतात. मराठीत त्याचा भावार्थ असा :

'वर काहीही लिहिलेले असले तरी, या हमीखालील आमची जबाबदारी रु. १०,००,००० पेक्षा जास्त असणार नाही. ही हमी दि. ३१ मार्चपर्यंत वैध राहील, आणि दि. ३० जूनपर्यंत लेखी मागणी आमच्या अमुक शाखेत पोहोचली तरच आम्ही रक्कम देण्यास बांधील राहू.'

या तीन तुकड्यांवर सगळे उभे आहे. वरच्या दोन पानांत काहीही असो, वाद झाला तर हाच परिच्छेद वाचला जातो. ३१ मार्च ही वैधता, त्या तारखेपर्यंत झालेली चूक धरली जाते. ३० जून ही दावा मुदत, तोवर मागणी पोहोचली पाहिजे. 'पोहोचली' म्हणजे टपालात टाकली असे नाही. आणि शाखा कोणती लिहिली आहे? हमी सोलापूरच्या शाखेने दिली आणि क्लब पुण्यात किंवा मुंबईत असेल, तर लाभार्थी स्थानिक शाखेत मागणी देण्याची सोय मागतो. ती सुरुवातीलाच घाला.

दावा मुदत १२ महिने असलीच पाहिजे असे अजूनही काही बँका सांगतात. करार अधिनियमाच्या कलम २८ मध्ये २०१३ ला जोडलेल्या अपवादामुळे हा समज झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक यात स्पष्ट केले की तो अपवाद कोर्टात जाण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीबद्दल नाही. तीन महिन्यांची दावा मुदत देता येते. कमिशन वाचते, ठेव लवकर सुटते.

मागणी आली की बँक 'बुकमेकर खरेच चुकला का' हे तपासत बसत नाही. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारे नुकसान, एवढ्या दोनच कारणांवर कोर्ट स्थगिती देते, आणि दोन्ही सिद्ध करणे फार अवघड आहे. मात्र मागणी हमीतल्या शब्दांप्रमाणेच झाली पाहिजे. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार (१९९९) यात हमीत मुख्य अभियंत्याचे पद लिहिले होते, मागणी कार्यकारी अभियंत्याने केली, आणि ती मागणी योग्य ठरली नाही. तुमच्या हमीत मागणी कोणत्या पदाधिकाऱ्याने करायची हे लिहिलेले असू द्या.

माणदेशी_खिलार

सांगोला, माळशिरस भागात आम्हाला घोड्यांपेक्षा बैलगाडी शर्यतीचे जास्त पडते. तिथेही जिल्हाधिकाऱ्यांकडे ५०,००० रुपयांची बँक हमी किंवा मुदत ठेव द्यावी लागते. हमी काढावी की ठेव?

हमीखाते

मुदत ठेव करा की. ५०,००० च्या हमीला कमिशन, स्टॅम्प, प्रतिहमी, एसएफएमएस एवढा व्याप कशाला? ठेव करताना पावतीवर जिल्हाधिकारी, सोलापूर यांच्या नावे लिएनची नोंद आणि बँकेचे तसे पत्र घ्या. 'मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण' ही सूचना द्या, म्हणजे मधेच ठेव मोडून पैसे बचत खात्यात जाणार नाहीत. नमुना कार्यालयातूनच घ्या.

आणि ठेव कोणाच्या नावाने आहे ते बघा. यात्रा समितीला पॅन नसतो, म्हणून कोणा एकाच्या नावाने ठेव होते. वर्गणी गावाची, पावती एकाची. परत मिळताना भांडण ठरलेले. समितीची नोंदणी करा, किंवा ठराव करून त्यात पावतीचा क्रमांक लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

सातरस्ता_वकील

माणदेशी, दोन गोष्टी लक्षात असू द्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या २०१७ च्या महाराष्ट्र दुरुस्तीने शर्यतीला वाट मिळाली, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी ती वैध ठरवली. पण अटी मोडल्या तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको. काठी, चाबूक, शॉक काहीही चालत नाही. ५०,००० जप्त झाले की सुटलो, असे समजू नका, ती ठेव दंडाऐवजी नाही.

दुसरे, शर्यतीवर पैज लावणे गुन्हाच आहे. जुगार कायद्यातली सूट परवानाधारक मैदानावरच्या घोड्यांच्या पैजेची आहे, बैलगाडीला ती लागू नाही. आयोजकाच्या माइकवरून भाव पुकारला गेला तर परवानगी आणि ठेव दोन्ही धोक्यात.

जुळेसोलापूर

सध्या मोबाइलवर 'घोड्यांच्या रेसची ऑनलाइन एजन्सी, सुरक्षा ठेव परत' अशा जाहिराती येतात. त्यांची ठेव कोणत्या कायद्याखाली?

रेसबुक

कोणत्याही नाही. सोलापुरात बसून पैजा गोळा करायची एजन्सी किंवा फ्रँचायझी असा परवानाच नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देऊ करणेच बंद झाले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, आणि बँकांना असे पैसे पुढे पाठवायलाही मनाई. खरी सिक्युरिटी बँकेच्या कागदावर असते, लाभार्थी ठाऊक असतो आणि पत्र क्लबच्या लेटरहेडवर असते. यूपीआयवर व्यक्तीच्या खात्यात मागितलेली 'ठेव' देऊ नका. दिली असेल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, तास जातात तसे पैसे पुढे सरकतात.

भीमाकाठ

शेवटचे विचारतो. हंगाम संपला, देणे काही नाही. ठेव सुटायला बँक दावा मुदत संपेपर्यंत थांबायला सांगते. बरोबर आहे का?

हमीखाते

मूळ हमीचा कागद परत आला तर थांबायची गरज नाही. क्लबकडून दोन गोष्टी घ्या : मूळ कागद, आणि 'या हमीखाली आमचे काहीही येणे नाही, बँकेला जबाबदारीतून मुक्त करत आहोत' असे सही-शिक्क्याचे पत्र, ज्यात हमी क्रमांक, तारीख आणि रक्कम आहे. सही करणाऱ्याचे पद हमीत लिहिलेल्या पदाशी जुळू द्या. मुदतवाढीची पुरवणी पत्रे निघाली असतील तर तीही सगळी मूळ प्रतीत परत लागतात, इथे एखादी हमखास हरवते. ई-हमी असेल तर पोर्टलवरून लाभार्थ्याने मुक्तता द्यायची.

हे दिल्यावर बँकेकडून हमी रद्द झाल्याचे पत्र, ठेवीवरील लिएन काढल्याची नोंद आणि जामीनदारांना मुक्त केल्याचे पत्र, तिन्ही मागा. तिसरे बहुतेक कोणी मागत नाही आणि बँक आपणहून देत नाही. मूळ दस्त तारण होते तर ते परत घ्या आणि निबंधकाकडची नोंद उतरवून घ्या. मुदत संपण्याआधी न वापरलेल्या काळाचे कमिशन परत मिळते का, तेही अर्जात लिहा. काही बँका पूर्ण तिमाहीचे सोडून उरलेले परत देतात.